बांधणाऱ्याचे बंधन

देवळात नेमाने येणाऱ्या मंडळींत अलीकडे एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. घरात बोन्साय ठेवावा की ठेवू नये? कोणी म्हणतात, वाढत्या झाडाला मुद्दाम खुजे करणे हे पाप होय. कोणी म्हणतात, अशा झाडाने घराची भरभराट खुंटते. आमच्या वयाचे तरुण बहुधा हे सारे हसण्यावारी नेतात. ह्यांपैकी दुसऱ्या मताविषयी आम्हांस फारसे लिहावयाचे नाही; कुंडीतल्या झाडाच्या उंचीवर माणसाचे भाग्य अवलंबून असते असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. परंतु पहिला आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एका जिवाची वाढ आपल्या इच्छेने रोखावी आणि मग तो जीव लोकांना दाखविण्यासाठी सजवून मांडावा, ह्यात धर्म कोठे आहे, असा तो प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही येथे आमच्या अल्प मतीप्रमाणे करीत आहोत.

विचारासाठी आम्ही पाइन वृक्ष निवडतो, कारण हा प्रश्न त्याच्या बाबतीत सर्वांत तीव्र होतो. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातील चिडाचा भाऊबंद. चिडाला संस्कृतात ‘सरल’ असे नाव आहे. सरळ उंच जाणे हीच त्याची ओळख. अशा वृक्षाला वीतभर खोलीच्या थाळीत, हातभर उंचीत, वाकविलेल्या फांद्यांनिशी उभे करावयाचे, म्हणजे ज्याचे नावच सरल त्याला वक्र करावयाचे! ‘बोन्साय’ ह्या जपानी शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: थाळीत लावलेले झाड. ही कला मूळची चीनची. जपानने ती आपलीशी केली आणि पाइन हा तिचा मुकुटमणी ठरला.

प्रथम दोन गैरसमज दूर करणे इष्ट. बोन्साय म्हणजे उपाशी ठेवलेले झाड, हा पहिला. वस्तुतः उपाशी झाड छाटणी सोसत नाही, ते मरते. थाळीतल्या मूठभर मातीतून प्रत्येक पाण्याबरोबर अन्नांश वाहून जात असल्यामुळे त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा अधिक वेळा खत द्यावे लागते. झाडाची जातच बदलून टाकलेली असते, हा दुसरा गैरसमज. तसेही नाही. त्याच्या बीजापासून उगवणारे रोप आपल्या पूर्वजांइतकेच उंच होऊ शकते; आणि त्याच झाडाला योग्य हवामानात मोकळी जमीन मिळाली, तर तेही पुन्हा वाढीस लागते. त्याच्या स्वभावाचा नाश झालेला नसतो, केवळ निग्रह झालेला असतो. वामनाच्या इवल्याशा पावलात तिन्ही लोक व्यापण्याचे सामर्थ्य होते, ही कथा आपण जाणतोच.

इतके सांगितल्याने आक्षेप मिटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. त्यात वृक्षांना पाहणे, ऐकणे, वास घेणे इत्यादी शक्ती आहेत असे भृगू युक्तिवादाने सांगतात. पुढे जगदीशचंद्र बोस (१८५८-१९३७) यांनी आपल्या सूक्ष्म उपकरणांच्या साहाय्याने वनस्पती आघाताला प्रतिसाद देतात हे दाखविले. आजचे शास्त्र सांगते की, झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. म्हणून आपल्यासारखी वेदना त्याला होते असे म्हणता येत नाही. परंतु ते जखम ओळखते आणि ती भरून काढण्यासाठी धडपडते. पाइनची फांदी कापली की चिकट राळ वाहून येते आणि जखमेचे तोंड झाकते. म्हणजे वेदनेचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी जगण्याची इच्छा, निदान जगण्याकडे असलेली ओढ, तेथे आहे हे नाकारता येत नाही.

ह्यावर बोन्सायचे समर्थक म्हणतात, निसर्गही हेच करतो. हे खरे आहे. कड्याच्या फटीत रुजलेला पाइन वारा, बर्फ आणि मातीचा तुटवडा यांमुळे शेकडो वर्षे खुजाच राहतो. पूर्वीचे जपानी कलावंत अशी झाडे डोंगरातून शोधून आणीत. आपल्याकडेही जुन्या तटबंदीच्या भेगेत दोन हात उंचीचा, पण मनगटाएवढ्या बुंध्याचा पिंपळ कोणी पाहिला नाही? देवळाच्या शिखरावर पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजणारे पिंपळाचे रोप तर प्रत्येक पुजाऱ्याच्या घरची चिंता. ठेवावे तर शिखराला तडा जातो, उपटावे तर हात धजत नाही. असे रोप मुळांसह अलगद काढून कुंडीत लावणे म्हणजे मरणाऱ्याला जीवदान देणे, हे कोणीही मान्य करील. तथापि निसर्ग करतो म्हणून आपण करावे, हे उत्तर पुरेसे नव्हे. वाऱ्यावर कर्तव्य नाही, माणसावर आहे. वारा फांदी मोडून निघून जातो. माणसाला फांदी वाकवून निघून जाता येत नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी पाइनची निगा प्रत्यक्ष पाहिली पाहिजे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक हिंडलगा येथेच राहतात. त्यांनी बंगळूरच्या एका रोपवाटिकेतून आणलेला जपानी काळा पाइन गेली कित्येक वर्षे गच्चीवर वाढविला आहे. थंड प्रदेशातील हे झाड आमच्या हवेत सहजी रमत नाही. आमची तांबडी माती भाताला आणि रताळ्याला चांगली, पण पावसाळ्यात कुंडीत ती घट्ट बसते आणि पाइनची मुळे कुजवते. म्हणून ते जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे पालापाचोळ्याचे खत चाळून मिश्रण करतात. मृगापासून पावसाची झड लागली की, कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवून ती किंचित तिरपी करतात, म्हणजे पाणी साचत नाही. चैत्र-वैशाखात मात्र पाणी दिवसातून दोनदा. तेही मोजून नव्हे, तर बोटाने माती चाचपून. वरचा थर सुकू लागला की द्यावयाचे, ओला असता द्यावयाचे नाही. तीन ते पाच वर्षांनी कुंडी बदलावयाची, परंतु सारी जुनी माती झाडून टाकावयाची नाही. कारण पाइनच्या मुळांवर एक पांढरी बुरशी राहते, ती मुळांना अन्न आणि पाणी पोचविण्यास साहाय्य करते. नवख्या माणसाला ती रोग वाटते आणि तो ती धुऊन टाकतो.

आता पाहा, ह्या व्यवहारात कोण कोणाला बांधतो? जमिनीतल्या झाडाला दोन-तीन उन्हाळे पाणी घातले की ते आपले आपण जगते. त्याची मुळे ओल शोधीत खोल जातात. तुमची त्यास गरज राहत नाही. थाळीतल्या पाइनला जाण्यास जागाच नाही. वैशाखातले दोन दिवस तुम्ही परगावी लग्नाला गेलात आणि पाण्याची व्यवस्था लावली नाही, तर परत येईपर्यंत तो कदाचित आतून मेलेला असेल. आणि पाइनची रीत अशी की, मेल्यावरही कित्येक आठवडे त्याची पाने हिरवी दिसतात. ज्याने त्याची मुळे कापली त्याने स्वतःच्या पायांतही एक दोरी बांधून घेतली. बांधणारा स्वतः बांधला जातो.

पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या आम्हांस हे बंधन अनोळखी नाही. भाद्रपदात घरी पार्थिव गणपती आणतात. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी विसर्जन होते आणि यजमान मोकळा होतो. परंतु देवळातल्या अचल मूर्तीची एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की नित्यपूजा चुकवता येत नाही. घरात लग्न असो, ताप असो, पाऊस कोसळत असो, पहाटे गाभाऱ्याचे दार उघडलेच पाहिजे. सुतक आले तर दुसऱ्या कोणाला तरी उभे करावे लागते. पुजाऱ्याचे सारे कुटुंब एकत्र परगावी गेले असे सहसा घडत नाही. प्रतिष्ठेच्या दिवशी वाजंत्री वाजतात, अन्नदान होते; पण जाणते लोक त्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, “उद्यापासून पूजा कोण करणार?” ज्या गावाजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याने मूर्ती बसवू नये असा आपल्याकडे संकेत आहे. आमचे म्हणणे इतकेच की, थाळीत झाड बसविणे ही एक लहानशी प्रतिष्ठाच आहे आणि तिलाही विसर्जन नाही.

हा नियम झाडापुरता आणि मूर्तीपुरता नाही. आमच्या गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे ते येथील मध्यवर्ती कारागृहामुळे. शासनाने माणसाला चार भिंतींत कोंडले, की त्याच्या अन्नपाण्याचा आणि औषधाचा भार शासनावर येतो. मोकळ्या माणसाला आपली भाकरी आपण मिळविता येते. कोंडलेल्याला येत नाही, म्हणून ज्याने कोंडले त्यानेच ती द्यावयाची. गोठ्यातल्या गाईविषयी आणि पिंजऱ्यातल्या पोपटाविषयीही हेच. जितके स्वातंत्र्य आपण दुसऱ्याचे काढून घेतो, तितके ऋण आपल्या शिरावर चढते. ते रोज फेडणाराला आम्ही पापी म्हणणार नाही. ते न फेडणारा मात्र, झाड कितीही सुंदर असो, हिंसकच होय.

आता प्रदर्शनाचा विचार करू, कारण तेथे दुसरा पेच आहे. जपानमध्ये टोकियोच्या उएनो भागात १९३४ साली ‘कोकुफू’ नावाचे बोन्साय प्रदर्शन सुरू झाले. ते फेब्रुवारीत भरते आणि त्यात झाड निवडले जाणे हा मोठा सन्मान समजतात. आपल्याकडे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत आणि बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताकदिनाच्या व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शने भरतात. म्हैसूर येथील गणपती सच्चिदानंद स्वामींच्या दत्तपीठात तर बोन्सायचे एक स्वतंत्र उद्यान असून, २०१६ साली तेथे अडीच हजारांवर बोन्साय एकत्र मांडले गेले होते. तेव्हा प्रदर्शन ही काही त्याज्य वस्तू आहे असे नव्हे.

परंतु पाइन प्रदर्शनास सिद्ध करावयाचा म्हणजे काय करावयाचे? वसंतात त्याच्या फांद्यांच्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे उभे कोंब येतात. काळ्या पाइनचे हे कोंब उन्हाळ्याच्या आरंभी कापले, तर पुन्हा दुसरे कोंब फुटतात आणि त्यांची पाने आखूड येतात. झाड लहान असूनही मोठ्या वृक्षासारखे प्रमाणबद्ध दिसते ते त्यामुळे. शरद ऋतूत जुनी पाने चिमट्याने एकेक काढून ऊन आत पोचवावयाचे. थंडीच्या दिवसांत फांद्यांभोवती तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार गुंडाळून त्यांना वळण द्यावयाचे. प्रदर्शन जवळ आले की तण काढावयाचे, कुंडी स्वच्छ पुसावयाची, मातीवर हिरवे शेवाळ बसवावयाचे, झाडाची पुढली बाजू निश्चित करून लाकडी चौरंगावर त्याला उभे करावयाचे. शेवटचे हे काम दोन दिवसांचे, आधीचे वर्षानुवर्षांचे.

ह्यात मेख अशी की, कोंब कापणे हे झाडाच्या साठविलेल्या बळावर उचल घेणे आहे. सशक्त झाड ती उचल देते, अशक्त झाड देत नाही. ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी कोंब कापू नयेत, असे जाणकार सांगतात. पाच सुयांच्या पांढऱ्या पाइनचे कोंब तर असे मुळापासून कापीतच नाहीत, बोटांनी थोडे खुडतात. त्याची प्रकृती वेगळी. प्रदर्शनाची तारीख मंडळ ठरविते. झाडाची तारीख झाडच ठरविते. दोन्ही जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर काय करावे, ही खरी परीक्षा.

वर उल्लेखिलेल्या शिक्षकांना एकदा एका प्रदर्शनाचे निमंत्रण आले होते. त्यांनी त्याच वर्षी कुंडी बदललेली होती. मंडळींनी आग्रह केला, “गुरुजी, कोंब तेवढे कापून टाका, पाने बारीक येतील, पहिला क्रमांक तुमचाच.” गुरुजी म्हणाले, “क्रमांक मला मिळेल हो, पण त्याची किंमत ह्याने द्यायची. ह्याला विचारल्याशिवाय मी कशी कबूल करू?” झाड गेले नाही. त्या वर्षी ते ओबडधोबड वाढले, पाने लांब झाली आणि गच्चीवर येणाऱ्या कोणालाही ते सुंदर वाटले नाही. आमच्या दृष्टीने त्या पाइनची खरी पूजा झाली ती त्याच वर्षी. उत्सवात पालखी निघते, देवाला भरजरी वस्त्रे चढतात आणि सारा गाव लोटतो. तो दिवस एक. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गाभाऱ्यात एक समई आणि एक माणूस असतो. उत्सव त्या दिवसांच्या आधारावर उभा राहतो. त्या दिवसांना खाऊन उभा राहिलेला उत्सव हा उत्सव नव्हे.

ह्या संदर्भात एका पाइनची हकीकत वाचकांस सांगण्याजोगी आहे. जपानमधील हिरोशिमा शहरात यामाकी नावाच्या कुटुंबाची बोन्सायची रोपवाटिका होती. तेथे एक पांढरा पाइन १६२५ सालापासून कुंडीत वाढत आलेला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, त्या ठिकाणापासून ही रोपवाटिका सुमारे तीन किलोमीटरांवर होती. घराच्या काचा फुटून कुटुंबातील माणसांना जखमा झाल्या. परंतु माणसे वाचली आणि भिंतीच्या आडोशाने तो पाइनही वाचला. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली, त्या प्रसंगी जपानने ५३ बोन्साय त्या देशाला भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनी आपला हा पाइन दिला. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला! पुढे पंचवीस वर्षे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात लोक त्या झाडासमोर उभे राहून पुढे जात होते. त्याच्यामागची हकीकत तेथे कोणास ठाऊक नव्हती. २००१ साली यामाकींचे नातू आजोबांचे झाड पाहण्यास आले आणि त्यांनी ती सांगितली, तेव्हा ती जगाला कळली. आजही ते झाड तेथे जिवंत आहे.

ह्या हकीकतीतून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, प्रदर्शनात पाहणाऱ्याला झाड दिसते, त्यामागचे हात दिसत नाहीत. आणि ज्यांनी पाणी घातले त्यांना ते दिसावेत अशी आसक्तीही नव्हती. दुसरी अधिक महत्त्वाची. १६२५ साली ज्याने ते रोप कुंडीत घेतले, त्याला ठाऊक असलेच पाहिजे की आपण आधी जाणार आणि झाड मागे राहणार. टोकियोच्या राजवाड्यात तिसरा शोगुन इएमित्सू याच्या नावाने ओळखला जाणारा पाइन सुमारे ५०० वर्षांचा मानतात. एवढ्या काळात सांभाळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या, आणि त्यांतल्या एकीनेही जर “आम्हांस वेळ नाही” असे म्हटले असते, तर ते झाड एका उन्हाळ्यात संपले असते. म्हणून पाइनला बांधणाऱ्याने स्वतःस विचारावयाचा शेवटचा प्रश्न असा, “माझ्यामागे ह्याला पाणी कोण घालणार?”

हा प्रश्न विचारला की आम्हां पुजाऱ्यांच्या मुलांचे चित्त थोडे अस्वस्थ होते, कारण तो आमच्याकडेही बोट दाखवितो. वडिलांची पूजा पुढे कोणी चालवावी? आमच्यापैकी कोणी उद्यमबागेतल्या कारखान्यात जातात, कोणी पुण्यास जातात. झाडाला तार गुंडाळून वळण द्यावे, तसे मुलालाही परंपरेचे वळण द्यावे, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यास एवढेच सुचवू की, तारेचाही एक धर्म आहे. फांदीने वळण धरले की, अथवा फांदी जाड होऊन तार सालीत रुतू लागण्यापूर्वीच, ती काढावी लागते. राहिली तर जन्माचा वण उमटतो. शिवाय झाडाला नकार देण्यासाठी वाणी नाही, माणसाला आहे. म्हणून झाडाच्या बाबतीत जे निग्रहाने करता येते, ते मुलाच्या बाबतीत केवळ विश्वासाने करता येते. ज्या घरात पूजेचा भार जबरदस्तीने लादला गेला नाही, परंतु वडील तो आनंदाने वाहताना रोज दिसले, त्या घरात मुलगा परगावी गेला तरी पाण्याची व्यवस्था लावून जातो.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात हिमालयातील एका देवदाराची कथा आहे. शंकराने त्यास पुत्र मानले होते आणि पार्वतीने घड्यांनी पाणी घालून त्यास वाढविले होते. एका रानटी हत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा तिला पुत्राच्या जखमेसारखा शोक झाला आणि रक्षणासाठी सिंह नेमला गेला. त्रैलोक्याच्या स्वामिनीलाही एका झाडाशी असे बांधून घ्यावे लागले! कारण तिने त्याला पाणी घातले होते.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे. ज्यास रोज माती चाचपून पाहण्यास वेळ नाही, त्याने बोन्साय आणू नये; दारापुढे जागा असेल तर त्याने वड वा पिंपळ लावावा, नसेल तर देवळाच्या आवारातल्या झाडाला उन्हाळ्यात एक घागर घालावी. ते पुण्य काही कमी नव्हे. ज्याने आणला त्याने तो प्रदर्शनास न्यावा किंवा न न्यावा, परंतु झाडाचे बळ पाहून ठरवावे, आपला मान पाहून नव्हे. आणि ज्या घरी असे एखादे जुने झाड असेल व सांभाळणाऱ्याचे वय झाले असेल, त्या घरच्या तरुणांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून पाणी केव्हा घालावयाचे हे आजच शिकून घ्यावे. गुरुजींकडे हल्ली शेजारचा एक मुलगा संध्याकाळी ते शिकण्यास येतो. तूर्त त्याच्या बोटाला माती ओली आहे की सुकी एवढेच कळते. आरंभास तेवढे पुरे आहे.